मानसिक आरोग्यासाठी फिटनेस चॅलेंज: जो मध्येच गळतो, त्याच्यासाठी आखा

नाशिकच्या एका सोसायटीतल्या रनिंग ग्रुपने विचारलंय: "१० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त महिनाभराचं चॅलेंज घ्यायचं आहे. रोज दहा हजार पावलं, फी ५०० रुपये, टी-शर्ट, मेडल, पहिल्या तिघांना बक्षीस. उरलेले पैसे मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला देऊ. यात काय बदलावं? आणि व्यायामाने डिप्रेशन खरंच कमी होतं का?"

मी सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर आहे आणि अशा उपक्रमांच्या आखणीत बरीच वर्षं बसते आहे. शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर त्यातल्या त्यात सोपं आहे.

हो, कमी होतं. 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली व्यायामाच्या २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात चौदा हजारांवर लोक होते. चालणं-जॉगिंग, योग आणि वजनांचा व्यायाम या तिन्हींनी नैराश्याची लक्षणं मध्यम प्रमाणात कमी झालेली दिसली. जोर लावून केलेल्या व्यायामाचा फायदा जास्त, पण साध्या चालण्याचाही होतो. यातल्या बऱ्याच चाचण्यांचा दर्जा बेताचा आहे, हे त्या लेखकांनीच नोंदवलंय. शिवाय चाचणीत भाग घ्यायला येणारा माणूस निदान घराबाहेर पडू शकत असतो. तेव्हा "व्यायाम हा उपचाराचा एक भाग" एवढंच पोस्टरवर लिहा. "चाला आणि नैराश्य पळवा" असलं काही लिहू नका. घरात तीन महिने पडून असलेल्या मुलाच्या आईला ते वाचून वाटतं, पोरगा आळशी आहे म्हणूनच असा झालाय.

दहा हजार पावलांचं म्हणाल तर तो आकडा वैद्यकशास्त्राने दिलेला नाही. १९६०च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. तिथून तो जगभर पसरला. पावलं आणि नैराश्य यांच्या संबंधावरचे अभ्यास एकत्र करून 'जामा नेटवर्क ओपन' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने डिसेंबर २०२४ मध्ये जे छापलं, त्यात पाच हजारांच्या खाली चालणाऱ्यांपेक्षा त्याहून जास्त चालणाऱ्यांत लक्षणं कमी दिसली. यातही कोंबडी आधी की अंडं आधी हा घोळ आहेच, कारण मन खचलेला माणूस मुळात चालतोच कमी.

आता मूळ आराखड्याकडे येते. तुमचं चॅलेंज, तुम्ही लिहिलंय तसं, आधीच धावणाऱ्या लोकांसाठी आहे. जो माणूस सकाळी साडेपाचला गंगापूर रोडवर धावतोच आहे, तो महिनाभर आणखी धावेल, मेडल घेईल, फोटो टाकेल. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण ज्याच्या नावाने पैसे गोळा होणार आहेत तो माणूस तुमच्या ग्रुपमध्ये असलाच, तर साधारण दुसऱ्या आठवड्यात गळतो. पहिले काही दिवस उत्साहात जातात, मग एक रात्र झोप लागत नाही, दुसऱ्या दिवशी उठवत नाही, तिसऱ्या दिवशी ग्रुपवर सगळ्यांचे आकडे दिसतात आणि आपला रकाना रिकामा. नैराश्यात माणूस स्वतःला आधीच नालायक ठरवून बसलेला असतो. तुमचा लीडरबोर्ड त्याला पुरावा देतो. चौथ्या दिवशी तो ग्रुप म्यूट करतो. महिनाअखेर तुमच्या अहवालात येतं, "८० टक्के लोकांनी पूर्ण केलं." उरलेले २० टक्के कोण होते, हे कुणीच विचारत नाही.

कोल्हापूरकडच्या एका अशाच उपक्रमात एक बाई रोज "५ मि." अशी नोंद टाकायच्या. घरापासून गल्लीच्या तोंडापर्यंत आणि परत, एवढंच. त्याच ग्रुपमध्ये एक जण १४० मिनिटं टाकायचा आणि त्याच्याखाली टाळ्यांचा पाऊस पडायचा. त्या बाई कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा एकट्या उंबऱ्याबाहेर पडत होत्या, हे फक्त त्यांच्या बहिणीला माहीत होतं. बक्षिसाच्या नियमात त्या पाच मिनिटांना जागाच नव्हती.

म्हणून पहिला बदल: पावलं काढा, मिनिटं ठेवा. मिनिटांत सगळं बसतं, म्हणजे योग, पोहणं, सायकल, बाग, गुडघेदुखीवाल्या आजींचे खुर्चीतले व्यायाम, व्हीलचेअरवरच्या माणसाचे हाताचे व्यायाम, नवरात्रातला गरबासुद्धा. पावलं मोजायला घड्याळ लागतं किंवा फोन सतत खिशात लागतो. आपल्याकडच्या बायका दिवसभर घरात चालत असतात आणि फोन ओट्यावर असतो. पावलांच्या शर्यतीत लबाडीही चिक्कार चालते, फोन पाळण्याला बांधून झोपणारे महाभाग मी पाहिलेत. आणि धावण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हासारख्या अ‍ॅपवरचे नकाशे सगळ्यांना दिसतील असे ठेवायला लावू नका. कोणती मुलगी किती वाजता कुठल्या रस्त्याने एकटी धावते, याची जाहिरात करायची गरज नाही.

दुसरा बदल: वैयक्तिक क्रमांक रद्द आणि सामूहिक आकडा एकच. सगळ्यांची मिनिटं एका खात्यात. वारीच्या दिंडीत नाही का, कोण पहिला पोचला हे कुणी मोजत नाही आणि मागे राहणाऱ्याची चौकशी होते, तसं. पाच-पाच जणांच्या तुकड्या करा, प्रत्येक तुकडीत एक जण चौकशीला. सलग तीन दिवस एखाद्याची नोंद आली नाही, तर चौकशीवाल्याने एकट्याला मेसेज करायचा, ग्रुपवर नाही. तो मेसेज कसा असावा हेही आधी ठरवून द्या. "कुठे गायब? दांडी मारू नका हं 😄" हा चुकीचा. "आज संध्याकाळी मी खाली दहा मिनिटं फिरणार आहे, येता का? नाही जमलं तरी चालेल," हा बरोबर. दुसऱ्या मेसेजमध्ये वेळ आहे, सोबत आहे आणि नाही म्हणायची मोकळीक आहे. एवढ्यावर परत येणारे लोक मी बरेच पाहिलेत. जे येत नाहीत, त्यांना निदान कुणीतरी विचारलेलं असतं.

परदेशातल्या दोन गोष्टी सांगते, कारण तुमच्यापैकी कुणीतरी त्या सुचवणारच.

ऑस्ट्रेलियात 'पुश-अप चॅलेंज' नावाचा मोठा उपक्रम आहे. निक हडसन यांनी २०१७ मध्ये पर्थला सुरू केला. जून महिन्यात काही दिवसांत ठरावीक पुश-अप मारायचे, आणि तो आकडा म्हणजे त्या देशात एका वर्षात आत्महत्येने गेलेल्या माणसांची संख्या. २०२३ साली २३ दिवसांत ३,१४४ होते, २०२१ मध्ये गेलेल्या ३,१४४ जणांसाठी. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. रोजचं टार्गेट सारखं नसतं, त्या दिवशीच्या एखाद्या माहितीशी जोडलेलं असतं. त्यामुळे आज इतकेच का, हा प्रश्न पडतो आणि माणूस ती माहिती वाचतो. पुश-अप जमत नसतील तर सिट-अप्स, स्क्वॉट्स किंवा दुसरा झेपेल तो व्यायाम चालतो. पैसे लाइफलाइनसारख्या, फोनवर आधार देणाऱ्या संस्थांकडे जातात, म्हणजे व्यायाम करताना ज्याला मदत हवीशी वाटेल त्याच्यासाठी दार तिथेच असतं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. २०१६च्या आसपास तिथे '२२ पुश-अप' ची लाट आली होती. रोज २२ माजी सैनिक आत्महत्या करतात म्हणून २२ दिवस रोज २२ पुश-अप, व्हिडिओ काढायचा, पुढच्याला टॅग करायचं. तो २२चा आकडा २०१२च्या एका सरकारी अहवालातला होता, २१ राज्यांच्या नोंदींवरून काढलेला. नंतरच्या अहवालांत तो खाली आला. पण घोषणा तीच राहिली. लाखो व्हिडिओ झाले आणि बहुतेकांत मदत कुठे मागायची, याचा एक शब्द नव्हता. पैसे कुठे द्यायचे तेही नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, आपणही महाराष्ट्राचा आकडा घेऊ. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. २२,७४६ मिनिटं, टार्गेट म्हणून आकर्षक दिसतं. माझं मत स्पष्ट आहे: सोसायटीत हे करू नका. देशपातळीवर आकडा आकडाच राहतो. तुमच्या सोसायटीत मात्र बी विंगमधलं ते घर कुठलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या घरातली आई बाल्कनीतून तुमचा बॅनर बघणार आहे. तिच्या मुलाचं तुम्ही एक मिनिट करून टाकलंत असं तिला वाटलं, तर तुम्ही काय सांगाल? त्याऐवजी मदतीशी जोडलेलं काहीतरी घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. सगळ्यांनी मिळून १४,४१६ मिनिटं, असं टार्गेट ठेवलंत तर महिनाभरात तो नंबर लहान पोरांच्याही तोंडी बसेल. दोनशे लोकांना ते सहज जमेल. जमलं की दुसरी फेरी लावा.

(टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. नंबर छापण्याआधी तुमच्यातल्या दोघा-तिघांनी स्वतः लावून बघा. किती वेळाने उचलला, काय विचारलं, हे माहीत असलं की पुढच्याला सांगताना तुमच्या बोलण्यात वजन येतं.)

आता पैसे. इथे जरा थांबते, कारण अशा उपक्रमांची खरी वाट इथे लागते.

"उरलेले पैसे देऊ" हे वाक्यच काढून टाका. समजा ३०० लोक, प्रत्येकी ५००, म्हणजे दीड लाख. टी-शर्ट २२०, मेडल ९०, बॅनर, समारोपाचा नाश्ता, पाहुण्यांची शाल-श्रीफळं धरली की माणशी चारशेच्या आसपास जातात. संस्थेच्या हाती तीस हजार पडतात, आणि फोटोतला थर्माकोलचा चेक मात्र दारातून आत जात नाही एवढा मोठा. उलटं करा. आधी संस्थेला गाठा आणि विचारा, "तुमचं अडलेलं काम कोणतं आणि त्याला किती लागतात?" ती रक्कम टार्गेट म्हणून जाहीर करा. टी-शर्ट ज्याला हवा त्याने वेगळे पैसे देऊन घ्यावा. मेडल नकोच.

काम कोणतं असू शकतं? तुमच्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. सुरगाणा, पेठ या भागातल्या पेशंटला महिन्याच्या गोळ्यांसाठी नाशिकला सिव्हिलला यायचं, म्हणजे अख्खा दिवस जातो आणि सोबत एक माणूस लागतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण दोघांची बुडालेली मजुरी कोण देणार? मग दोन महिने गोळ्या चुकतात आणि आजार उलटतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत (२०१५-१६, बंगळुरूच्या निम्हान्स या केंद्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेली) आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत असं दिसलं होतं. त्या पाहणीच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण इथलं चित्र फार वेगळं असेल असं मला ओपीडीतून तरी दिसत नाही. प्रवासखर्च, तालुक्याच्या गावी महिन्यातून एकदा डॉक्टर नेणं, हेल्पलाइनवर बसणाऱ्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण, पेशंटची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांचा गट चालवणं: पैसे इथे लागतात. "जनजागृती" या खात्यावर देऊ नका, त्यात पुन्हा बॅनरच छापले जातात.

संस्था कशी निवडायची? महाराष्ट्रात या बाबतीत आपण सुदैवी आहोत. ठाण्याची मानसिक आरोग्याचं काम करणारी आय.पी.एच. १९९० पासून आहे, पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीत आहे, आत्महत्या प्रतिबंधासाठी फोनवर ऐकून घेणारी 'कनेक्टिंग' पुण्यातच आहे. पण नाव मोठं म्हणून तिकडे धावू नका. तुमच्या जिल्ह्यात छोटं आणि नीट काम करणारी संस्था असेल तर तिला तुमचे पैसे जास्त उपयोगी पडतील. तिचे ऑडिट झालेले हिशेब मागा. द्यायला खळखळ केली तर नमस्कार करून बाहेर पडा.

कायद्याचं थोडक्यात. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच लावा, सेक्रेटरीच्या गुगल पेचा अजिबात नाही, तो कितीही सज्जन असला तरी. तुम्ही स्वतः गोळा करणार असाल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी बघा, गणपती मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच. देणगीवर आयकरातली ८०जी ची सवलत हवी असेल तर २,००० रुपयांवर रोख घेऊन उपयोग नाही, आणि नवीन कररचना निवडलेल्या देणगीदाराला ती सवलत मिळतच नाही, हे आधीच सांगा. टी-शर्टच्या बदल्यात घेतलेली फी ही देणगी नाही. आणि न्यू जर्सीचा मामेभाऊ हमखास विचारतो, "मी पाठवू का?" भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतले असतील तर चालतं. अमेरिकन नागरिक झाला असेल तर ती परदेशी देणगी. संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक डॉलरही घेता येत नाही.

पैसे मागायचे कसे? मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारे स्वतःच्या नावाने निधी उभा करतात, तिथे ते रुळलंय. आपल्या सोसायट्यांत "माझ्या धावण्यासाठी पैसे द्या" म्हणायला लोक संकोचतात. त्यापेक्षा चौकातल्या सराफाला, डॉक्टरला, क्लासवाल्याला विचारा: सगळ्यांच्या मिळून प्रत्येक मिनिटामागे तुम्ही दोन रुपये द्याल का, वरची मर्यादा तीस हजार? याचा एक फायदा असा की कोल्हापूरकडच्या त्या बाईंसारख्या कुणाच्या पाच मिनिटांचेही दहा रुपये होतात, आणि ते त्यांना सांगता येतं.

आता जी गोष्ट कुणी विचारत नाही ती. तुम्ही महिनाभर "बोला, मोकळे व्हा" असं म्हणणार, आणि कुणीतरी खरंच बोलणार. रात्री पावणेबाराला ग्रुप अ‍ॅडमिनच्या फोनवर मेसेज येतो, "सर, आता हे सगळं नको वाटतं." त्या वेळी काय करायचं हे चॅलेंज सुरू व्हायच्या आधी ठरलेलं हवं. दोन माणसं नेमा आणि त्यांना संस्थेकडून अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घ्यायला लावा. सरळ विचारायचं: "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही, विचारणारा भेटला याचं बहुतेकांना हायसं वाटतं. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, घरच्या कुणाला तरी सोबत घ्यायचं, १४४१६ला दोघांनी मिळून फोन लावायचा, ताबडतोब धोका वाटला तर ११२. "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. आणि "इतकं चांगलं चाललंय की तुझं" हे तर बोलायचंच नाही.

ग्रुपचे नियम थोडे पण कडक ठेवा. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय नाही. वजन किती घटलं याची चर्चा नाही, खाण्याच्या आजारातून जाणाऱ्या मुलींना ती फार महाग पडते. आणि गोळ्यांवर सल्ला नाही. "चालायला लागलास ना, आता गोळ्या बंद कर" हे वाक्य मी इतक्या पेशंटकडून ऐकलंय की ते ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्येच लिहून टाका: गोळ्यांबद्दल फक्त डॉक्टर बोलतील.

गोळ्यांवरून आठवलं. लिथियम (बायपोलर आजारावरचं एक औषध) घेणाऱ्या माणसाला ऑक्टोबर हीटमध्ये घाम गाळणं साधं नसतं. शरीरातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं. हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, झोक जातो, आणि लोकांना वाटतं ऊन लागलं. मनोविकारांवरच्या इतरही काही औषधांनी उष्णता सोसत नाही. तेव्हा नोंदणीच्या वेळी सरसकट सगळ्यांना एक ओळ द्या: "नियमित औषधं चालू असतील तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, ऊन चढायच्या आत आटपा." कुठली औषधं, ते विचारू नका. ती माहिती सोसायटीच्या एक्सेल शीटमध्ये पडून राहायला नको.

तारखांचं बघा. १० ऑक्टोबरला शेवट ठेवलात तर आधीच्या महिन्यात गणपती, पितृपक्ष, नवरात्राचे उपास यातलं काही ना काही आडवं येतंच. १० ऑक्टोबरला सुरुवात केली तर बहुतेक वर्षी मध्ये दिवाळी येते. मी तीस दिवसांऐवजी एकवीस सुचवेन, आणि त्यातले कुठलेही चौदा भरले की पूर्ण. सात दिवस हक्काची सुट्टी. ज्याची सलग साखळी तुटते त्याला परत यायला वाट राहते.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये नाव, फोन, तुकडी, आणि "अडीअडचणीला कुणाला फोन करू?" एवढंच असू द्या. वय-वजन नको. समारोपाला भाषणासाठी नगरसेवकाऐवजी सिव्हिलमधल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमला बोलवा; विनंतीपत्र दिलं तर ते बहुतेक येतात, मानधन मागत नाहीत, आणि ओपीडी कोणत्या वारी, केसपेपर कुठे काढायचा, हे सगळ्यांसमोर सांगतात. हिशेबाचा कागद त्याच दिवशी नोटीस बोर्डावर लावा: किती आले, कशावर गेले, संस्थेला किती वाजता ट्रान्सफर झाले, पावती नंबर काय. देणगीदारांना ८०जी चं प्रमाणपत्र संस्थेकडून आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत मिळतं, त्याची आठवण फेब्रुवारीतच करून ठेवा, नाहीतर जुलैत रिटर्न भरताना सगळे तुमच्या मागे लागतील.